मामाच्या देवाचा नारळ

व्हाइटफील्ड, बेंगळूर
रविवार

प्रिय अक्का,

फोन मी मुद्दाम केला नाही. केला तर तू उचलशील आणि हळू आवाजात म्हणशील, देवू, नंतर बोलू, घरात माणसं आहेत. तुझ्या घरात माणसं नसतात कधी? गेल्या वीस दिवसांत तू हे मला सहा वेळा म्हणालीस. म्हणून लिहायला बसलोय. पाचवीतनं शाळा सोडलेल्याचं अक्षर कसं असणार ते तुला माहीत आहे, कारण ते तूच गिरवून घेतलंस. काना-मात्रा चुकल्या असतील तर सुधारून वाच. पण मी काय म्हणतोय ते सुधारू नकोस. माझं बोलणं सुधारून लोकांना सांगायची तुला सवय लागलीय, आणि त्याचाच मला राग आलाय. साधा राग नव्हे. काल कामावर दोराची गाठ दोनदा चुकली म्हणून मला झाडावर चढू दिलं नाही, एवढा.

काल सकाळी आईचा फोन आला. म्हणाली, अभिराजचं जावळ पौर्णिमेला डोंगरावरच्या देवळात आहे, आणि मांडीवर घ्यायला योगीराजला सांगितलंय. आपला चुलतभाऊ योगीराज. चुलत मामा चालतो म्हणे. सख्खा बेंगळूरला जिवंत असताना चालतो? योगीराजच्या कपाळावर हा एवढा टिळा असतो, सोमवार करतो, शनिवार करतो, आणि रोज पहाटे नदीत ट्रॅक्टर घालून चोरून वाळू काढतो. आपण जिथं पोहायला शिकलो तिथं आता दोन माणसं उभी बुडतील एवढे खड्डे आहेत. नदीला साडी-चोळी वाहतो आणि तिचंच पोट खरवडतो. त्याच्या मांडीवर माझा भाचा बसणार. का, तर त्याला देवाचं नाव सांगता येतं. मला नाही.

काय झालं ते तुला माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहितो. आजवर ते कुणी माझ्या तोंडून ऐकलंच नाही. आई सगळ्यांना सांगते, देवू बागेत कामाला आहे. बाग कसली. इथल्या मोठ्या सोसायट्यांत, रस्त्यांवर जुनी झाडं आहेत. त्यांच्या वाळक्या फांद्या माणसांवर, गाड्यांवर पडू नयेत म्हणून आम्ही वर चढून त्या करवतीनं कापतो आणि दोरानं खाली सोडतो. कंबरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर झाडाला. खाली आमचा मेस्त्री त्रिविक्रम उभा असतो आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच शब्द ओरडतो. मर. ह्या मराला दोर टाक, त्या मरावर मधमाशा आहेत, मर हलतंय, स्वल्प थांब. कन्नडात झाडाला मर म्हणतात हे मी तुला सांगायला नको. दिवसातून दोनशे वेळा शब्द कानात पडला की तो तोंडात बसतो. आमच्यातला रोशन बिदरचा, मी खानापूरकडचा, एक जण तमिळ, पण झाड आम्हा सगळ्यांच्या तोंडात मरच.

त्या दिवशी जेवणाच्या आधी तुझा व्हिडिओ फोन आला. मी चाळीस फुटांवर, फांदीच्या बेचक्यात बसलेलो. वर असताना फोन घ्यायचा नाही असा नियम आहे, पण तुझं नाव दिसलं म्हणून घेतला. समोर तुझ्या सासूबाई, ठकुबाई मावशी. मागं सगळं घर जमलेलं, दाजी, शेजारच्या बाया, मुहूर्त काढायला आलेले भटजी, आणि तुझ्या कडेवर अभिराज, चार्जरची वायर चघळत. मावशी चांगल्या हसल्या. म्हणाल्या, आमच्यात मामाच्या देवाचा नारळ वेगळा ठेवतात बाबा, आणि देवाचं नाव मामानं आपल्या तोंडानं सांगायचं असतं, बहिणीनं सांगून चालत नाही. तर सांग, कुणाच्या नावानं ठेवू? मी म्हटलं, मावशी, माझा देव नाही. शेजारच्या झाडावर रोशनची करवत चालू होती. त्या म्हणाल्या, काय? मी म्हटलं, मी देव मानत नाही, नारळ नको. काय? नाव मोठ्यानं सांग की! माझा एक हात खोडावर होता. मनात आलं, एवढा आग्रह आहे तर ह्याच्या नावानं ठेवा. आत्ता ह्यानंच मला धरलंय. मी सगळा जीव काढून ओरडलो, मर!

आणि नेमकी तेव्हाच रोशनची करवत थांबली.

मावशींचं तोंड उघडं राहिलं, मग पडदा काळा. मला वाटलं रेंज गेली. फोन खिशात टाकला, हातातली फांदी खाली सोडली, डबा खाल्ला. खरंच सांगतो, संध्याकाळी आईनं रडत फोन करेपर्यंत मला पत्ता नव्हता की वर्षाच्या बाळाच्या आजीला, भटजींच्या समोर, मी मर म्हणालोय. कळल्यावर आधी हसूच आलं. खोटं कशाला लिहू? मग अंगावर काटा आला. लगेच तुला आवाज भरून पाठवला, अक्का, त्यांना सांग, मर म्हणजे झाड, मी झाड म्हणालो. तू तो ऐकलास, दोन निळ्या खुणा आल्या. तू उत्तर पाठवलंस, शांत हो, मी बघते. मी शांत झालो. माझ्या अक्कानं बघते म्हटलं की बघितलं जातं, हे मला लहानपणापासून ठाऊक.

तुझ्या सासूबाईंना कन्नड येत नाही. दाजींना येतं ते बस स्टँडापुरतं. पण तू सातवीपर्यंत कन्नड शाळेत गेलीस. तुझ्या पहिलीच्या पुस्तकात झाडाच्या चित्राखाली काय लिहिलं होतं? आपण दोघं परड्यातल्या फणसाकडं बोट करून आईसमोर मर मर ओरडायचो आणि ती लाटणं घेऊन मागं लागायची. तू पळता पळता हसून खाली बसायचीस. म्हणजे त्या घरात त्या दिवशी फक्त एका माणसाला कळलं होतं मी काय बोललो ते. तुला. आवाज पाठवायच्या आधीपासून कळलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी तू घरात काय सांगितलंस? मला आईकडून कळलं. तू म्हणालीस, तो तापट आहे, कामाच्या तापात तोंडातून गेलं, येईल आणि पाया पडेल. अक्का, मी न दिलेली शिवी तू माझ्या नावावर चढवलीस. वर सही केलीस.

मी वीस दिवस हेच चघळतोय की का. आता कळलंय. मर म्हणजे झाड असं सांगितलं असतंस तर पुढचा प्रश्न आलाच असता, देवाचं नाव विचारलं तर हा झाड का म्हणाला? मग सांगावं लागलं असतं की माझ्या भावाला देव नाही. शिवी देणारा भाऊ तुला चालतो. रागीट भाऊ घरोघर असतात, पाया पडला की मिटतं. देव नसलेला भाऊ मिटवता येत नाही. म्हणून तू दोन्हीतला स्वस्त भाऊ निवडलास. आणि मी तुला कमी ओळखत नाही, तुला त्या घरात रोज उठायचंय, मला माहीत आहे. मूल उशिरा झालं म्हणून तू तिथं काय काय ऐकून घेतलंस तेपण माहीत आहे. त्यामुळं मी आधी तुझ्या बाजूनं विचार केला. खूप केला. करून करून तिथंच आलो. तू तुझी जागा राखायला माझी दिलीस.

देव नाही म्हणजे माझ्याकडं काहीच नाही असं तुम्हा सगळ्यांना वाटतं, त्याचा मला जास्त राग आहे. ऐक. मी झाडावर चढायच्या आधी खोडाला तळहात लावून जरा उभा राहतो. पोकळ आहे काय, आत मुंग्या आहेत काय, वर कुणाचं घरटं आहे काय, ते बघतो. आणि ते आहे, मी आहे, एवढं मनात घेतो. मागत काही नाही. देवाकडं मागतात, म्हणून तो देव. झाडाकडं मी काही मागत नाही, म्हणून ते देव नाही, आणि म्हणूनच मला त्याच्यासमोर खोटं वागता येत नाही. सकाळी वर असताना वारा सुटला की सगळं झाड हलतं आणि दोरातनं ते माझ्या कंबरेपर्यंत येतं. तेव्हा माझ्या डोक्यावर कुणी नसतो आणि मी एकटापण नसतो. देवळात मला हे कधी झालं नाही. तिथं मला कापराचा वास यायचा आणि पाय दुखायचे.

आम्ही काम करतो त्यातल्या एका सोसायटीत स्मिता म्हणून एक पुण्याची बाई राहते, कॉम्प्युटरवाली. मला खोडाजवळ उभा बघून खाली आली. विचारलं, प्रार्थना करतोस का? मी तिला हेच सांगितलं. ती म्हणाली, अरे, असे लोक जगभर आहेत, देव न मानता निसर्गाला धरून राहणारे, त्यांना नाव आहे, पेगन. मला बरं वाटलं. आपल्या दुखण्याला नाव मिळालं की वाटतं तसं, फक्त हे दुखणं नाही. त्यांचे इथं दहा-बारा जण आहेत. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, सगळ्यात लहान दिवस, आणि दिवस-रात्र सारखे होतात ते दोन, असे चार वेळा तळ्याकाठी जमतात, सूर्य उगवताना बघतात, ज्याला बोलायचंय तो बोलतो, मग सगळे इडली खातात. मी जातो. त्यांचापण मला राग येतो. मेणबत्त्या लावून गोल बसतात आणि डोक्यावरचं झाड कोणतं ते एकालाही सांगता येत नाही. स्मितानं तिच्या आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, बरं, दिवाळीला येतेस ना? संपलं. मी आपल्या आईला फोनवर सांगितलं, आई, मी पेगन आहे, तर ती घाबरून म्हणाली, रोज घेतोस? एक की दोन? पेग म्हणजे काय ते तिला माहीत आहे, दाजींच्या कृपेनं. तिला समजवायला अर्धा तास गेला. शेवटी म्हणाली, त्यापेक्षा घेत असतास तरी बरं होतं.

इथं मी लपवत नाही. लपवायचा कंटाळा आला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी इथं आयुधपूजा असते. गाडी, करवती, दोर सगळं धुऊन कुंकू लावतात, कोहळा फोडतात. मी त्रिविक्रमला म्हटलं, माझ्या करवतीला कुंकू नको. मी तिला धार लावतो, तेल देतो, दिवसभर तिच्याजवळ बसतो, पण पूजा नाही. वर्षभर दोरावर लटकणारी माणसं आम्ही, अपशकुन कुणाला हवाय? एक जण म्हणाला, नाव देवाप्पा आणि देव नाही, मग आधी नावातला देव काढ आणि नुसता आप्पा होऊन ये. त्रिविक्रम मोठा भाविक माणूस, त्याच्या देवाच्या डोंगरावर अनवाणी जाणारा. त्यानं माझा दोर उचलून बघितला. मग म्हणाला, सरी, बरं. कुंकू नको तर नको. पण तुझा पट्टा माझ्यासमोर तपास. मी पट्टा, कड्या, दोराची गाठ न् गाठ त्याच्यासमोर तपासली. त्यानं चिरमुरे-फुटाण्याचा पुडा माझ्या हातात दिला, सगळ्यांना दिला तसाच. तो माझा कोण लागतो, अक्का? कोणी नाही. त्याची भाषा मला नीट येत नाही, माझी त्याला येत नाही. त्यानं मला आहे तसा ठेवून घेतला.

रोशननं तर मला सगळ्यात वाईट विचारलं होतं. जेवताना म्हणाला, कसाईपण बकऱ्याच्या पाठीवर हात फिरवतो, तू काय वेगळं करतोस? सगळे हसले. मी चार दिवस त्याच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी त्याला वर नेलं आणि दाखवलं. फांदी जिथं खोडातनं निघते तिथं सालीची जाड वळी असते. वळीच्या बाहेर कापलं तर झाड आपली जखम आपण बंद करतं. वळीच्या आत कापलं तर काम लवकर होतं, दिसायला साफ दिसतं, आणि झाड आतून सडत जातं. मी आत कापत नाही. घाई असली, त्रिविक्रम ओरडत असला, तरी कापत नाही. म्हटलं, तू विचारत होतास ना, हा माझा धर्म. तो म्हणाला, सरी गुरू. आता तोही बाहेर कापतो. तू एवढंसुद्धा कधी विचारलं नाहीस. चिडवायला का होईना, त्यानं विचारलं तरी. तू फक्त झाकलंस.

तर आता माझं ऐक. मी येणार आहे. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गाडीत बसतोय, सुट्टी सांगितली आहे. डोंगराच्या पायऱ्या मी चढेन. चप्पल खाली काढेन, कारण ती दुसऱ्याची जागा आहे. पाण्याच्या घागरी उचलेन, पंगतीत वाढेन, भांडी घासेन. हात जोडणार नाही. नारळाला नाव देणार नाही. मावशींची माफी मागेन, त्यांना सगळ्यांच्या देखत जे ऐकावं लागलं त्याची, आणि मी समोर न बघता ओरडलो त्याची. वाकून मागेन, मला त्याची लाज नाही. पण शिवी दिली म्हणून मागणार नाही, कारण दिली नाही. आणि अभिराजला मांडीवर घ्यायला देव लागत नाही, मांडी लागते. ती माझ्याकडं आहे. त्याला मी दोनदाच बघितलंय. दुसऱ्यांदा त्यानं माझा अंगठा असा चावला होता की रक्त आलं, आणि तू म्हणालीस, मामाला ओळखलं बघ. योगीराजला त्यानं कधी चावलंय काय?

आता पाकिटाचं. त्यावर तुझं नाव नाही. श्रीमती ठकुबाई यांस, असं घातलंय, मुद्दाम ठळक. त्यांना वाचता येत नाही, आणि त्यांच्या नावाचा प्रत्येक कागद तूच वाचून दाखवतेस, ग्रामपंचायतीचा असो नाहीतर बँकेचा. त्या दुसऱ्या कुणावर विश्वास ठेवत नाहीत, दाजींवरसुद्धा नाही. म्हणजे आत्ता त्या तुझ्या समोरच बसल्या असतील. पहिल्या ओळीतलं प्रिय अक्का बघून तू थबकली असशील, आणि मनातल्या मनात वाचत वाचत इथवर आली असशील, ओठसुद्धा न हलवता. त्या विचारत असतील, कुणाचं गं एवढं मोठं, काय म्हणतोय? तुला काहीही सांगता येईल. देवूनं माफी मागितलीय म्हणून सांगितलंस आणि कागद चुलीत घातलास तर मला कळणारपण नाही. मी येईन, तू सांगितलेला तो माणूस येऊन पाया पडला असं सगळे समजतील, आणि जावळ होऊन जाईल. मग तो देव मानणारा, शिव्या देणारा, पाया पडणारा मामा अभिराजला तू जन्मभर दाखवत राहा. मी तो नव्हे. किंवा पहिलं पान वर घे आणि मोठ्यानं वाच, जसंच्या तसं, माझ्या रागासकट, तुझ्या गप्प बसण्यासकट. मी हे तेवढ्यासाठीच लिहिलंय. त्या ओरडतील, रडतील, मला येऊ नको म्हणतील. म्हणू देत. मला म्हणतील तरी, तू बनवलेल्या भावाला नाही. त्या थांबल्यात, अक्का.

तुझाच, अजून तरी सख्खा,
देवाप्पा